गर्भ टिकावा म्हणून हेपॅरिन: कुणाला, का आणि केव्हा

हेपॅरिनच्या इंजेक्शनांसाठी ‘रक्त पातळ करण्याची इंजेक्शने’ हा शब्दप्रयोग दवाखान्यांत आणि घराघरांत इतका रुळला आहे, की त्यात एक चूक दडली आहे हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. या औषधांनी रक्त पातळ होत नाही. दुधात पाणी घातले तर दूध पातळ होते. पण विरजण लावलेले दूध लगेच फ्रिजमध्ये ठेवले तर ते होते तेवढेच दाट राहते, फक्त त्याचे दही लवकर लागत नाही. हेपॅरिनचे काम या दुसऱ्या प्रकारचे आहे. रक्ताचा दाटपणा तसाच राहतो, गुठळी धरण्याची क्रिया तेवढी मंदावते. चूक केवळ शब्दाची असती तर सोडून देता आली असती; परंतु ‘रक्त घट्ट आहे म्हणून गर्भ टिकत नाही, ते पातळ केले की टिकेल’ असा एक सरळसोट समज त्यातून तयार झाला आहे. त्या समजापोटी, ज्या स्त्रियांना या इंजेक्शनांचा उपयोग होण्यासारखा नाही त्यांनाही ती महिनोन्महिने टोचली जातात, आणि ज्यांना त्यांची खरी गरज आहे त्यांच्यापैकी काहींची नेमकी तपासणी मात्र राहून जाते.

मराठीत ‘गर्भपात’ हा एकच शब्द आपोआप पडलेल्या गर्भासाठीही वापरतात आणि करून घेतलेल्या गर्भपातासाठीही. या लेखात तो सर्वत्र पहिल्या अर्थाने आहे. दिवस गेल्याचे लक्षात आलेल्या दर १०० गर्भधारणांपैकी साधारण १५ पहिल्या काही आठवड्यांतच संपतात, आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच गफलत झालेली असते. त्यात आईने खाल्लेल्या पपईचा, चढलेल्या जिन्याचा किंवा सुनेच्या पायगुणाचा काडीचाही संबंध नसतो. सलग तीन किंवा त्याहून अधिक गर्भपात मात्र सुमारे एक टक्का जोडप्यांच्याच वाट्याला येतात, आणि तेथे केवळ योगायोग म्हणून विषय सोडून देता येत नाही. अशा स्त्रियांची नीट तपासणी केली तर त्यांच्यापैकी साधारण १० ते १५ टक्के जणींच्या रक्तात विशिष्ट प्रकारच्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, सापडतात. या आजाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, थोडक्यात एपीएस, म्हणतात. उरलेल्या ८५ ते ९० टक्के जणींच्या रक्तात ती नसतात, हेही येथेच लक्षात ठेवायला हवे, कारण पुढचे बरेचसे विवेचन या एका विभागणीवर उभे आहे.

एपीएस हा स्वप्रतिकारक आजार आहे. बाहेरून आलेल्या जंतूंशी लढण्यासाठी जी यंत्रणा असते, तीच येथे शरीरातल्या घटकांना परके समजू लागते. नावावरून असे वाटते की ही प्रतिपिंडे फॉस्फोलिपिडांवर, म्हणजे पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूंवर, हल्ला करतात. प्रत्यक्षात त्यांचे मुख्य लक्ष्य असते त्या रेणूंना चिकटून बसणारे बीटा-२ ग्लायकोप्रोटीन हे रक्तातले प्रथिन. ही गोष्ट १९९०च्या सुमारास स्पष्ट झाली, तोवर नाव रूढ होऊन गेले होते. शरीरात हे रेणू सहसा पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला राखलेले असतात. वारेच्या पेशी मात्र एकमेकींत मिसळून आपला सलग थर तयार करत असताना त्यांना बाहेरच्या पृष्ठभागावर आणतात. त्यामुळे आईच्या शरीरात एरवी निमूट फिरणाऱ्या प्रतिपिंडांना बसायला वारेवर आयतीच जागा मिळते.

या आजाराच्या शोधाची वाट सिफिलिसच्या तपासणीतून जाते. गरोदरपणात आजही बहुतेक स्त्रियांची व्हीडीआरएल ही सिफिलिसची चाचणी केली जाते. त्या चाचणीत वापरले जाणारे कार्डिओलिपिन हे स्निग्ध द्रव्य मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये गुरांच्या हृदयातून वेगळे केले. पुढे असे दिसू लागले की काही जणांना सिफिलिस कधीच झालेला नसतो, तरीही त्यांची चाचणी वर्षानुवर्षे चुकीने ‘पॉझिटिव्ह’ येत राहते, आणि त्यांच्यापैकी अनेकांना ल्यूपस हा दुसरा स्वप्रतिकारक आजार असतो किंवा पुढे होतो. १९५२ मध्ये कॉनली आणि हार्टमन यांनी ल्यूपसच्या काही रुग्णांच्या रक्तात गुठळी होण्याची वेळ लांबवणारा घटक असल्याची नोंद केली. १९७२ मध्ये त्याला ‘ल्यूपस अँटिकोॲग्युलंट’ असे नाव मिळाले. या नावाइतके फसवे नाव वैद्यकात शोधून सापडणार नाही: ते ज्यांच्या रक्तात सापडते त्यांच्यातल्या बहुतेकांना ल्यूपस नसतो, आणि ते परीक्षानळीत गुठळी रोखत असले तरी शरीरात नेमके उलटे करते, म्हणजे गुठळ्या घडवते. रिपोर्टमध्ये हा शब्द वाचून ‘माझे रक्त आधीच पातळ आहे’ अशी समजूत करून घेणाऱ्या रुग्णांना दोष देण्यात अर्थ नाही. १९८३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ग्रॅहम ह्यूज यांनी रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या, गर्भपात आणि ही प्रतिपिंडे यांची एकत्र मोट बांधून दाखवली. म्हणूनच या आजाराला ह्यूज सिंड्रोम असेही म्हणतात.

ल्यूपस अँटिकोॲग्युलंट शोधण्याची आजची महत्त्वाची चाचणी आपल्या शेताबांधावरच्या एका ओळखीच्या सापाच्या विषावर चालते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो साप म्हणजे घोणस. इंग्रजीत ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते पॅट्रिक रसेल अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत भारतातल्या सापांचा अभ्यास करणारे स्कॉटिश वैद्य होते. घोणस चावली की रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते, कारण तिचे विष गुठळी बनण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट चालना देते आणि ती सामग्री पाहता पाहता संपून जाते. तेच विष प्रयोगशाळेत अत्यंत विरळ करून रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळतात आणि गुठळी धरायला किती सेकंद लागतात ते मोजतात. या क्रियेला फॉस्फोलिपिड लागते. रक्तात ही प्रतिपिंडे असतील तर ती फॉस्फोलिपिड अडवून धरतात आणि वेळ लांबतो. मग मुबलक फॉस्फोलिपिड घालून पुन्हा मोजले की वेळ पूर्ववत होतो आणि निदान पक्के होते. डीआरव्हीव्हीटी असे जे आद्याक्षरी नाव रिपोर्टवर दिसते, त्यातले मधले ‘आरव्हीव्ही’ म्हणजे घोणशीचे विष.

दुसऱ्या दोन चाचण्या आहेत अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या प्रतिपिंडांच्या, आणि त्यांत आयजीजी व आयजीएम असे दोन प्रकार वेगवेगळे मोजले जातात. तिन्ही चाचण्या एकत्र करायच्या असतात. एकच करून थांबणे म्हणजे तीन दारांच्या घराचे एकच दार ठोठावून आत कुणी नाही असे म्हणण्यासारखे आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिडनी निकषांनुसार यांपैकी किमान एक चाचणी ‘पॉझिटिव्ह’ यावी लागते, आणि १२ किंवा अधिक आठवड्यांनी पुन्हा केली असता तीच पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ यावी लागते. अँटिकार्डिओलिपिनचे प्रमाण मध्यम किंवा अधिक, म्हणजे साधारण ४० एककांच्या वर असावे लागते. बाळंतपणाशी संबंधित बाजूला पुढीलपैकी एक तरी गोष्ट घडलेली असावी लागते: दहा आठवड्यांच्या आत सलग तीन किंवा अधिक गर्भपात, ज्यांचे दुसरे कारण सापडलेले नाही, दहाव्या आठवड्यानंतर रचनेने निर्दोष असलेल्या गर्भाचा पोटात मृत्यू, किंवा तीव्र प्रीएक्लॅम्प्सियामुळे (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याच्या विकारामुळे) वा वार नीट काम करत नसल्यामुळे ३४ आठवड्यांपूर्वी झालेले बाळंतपण.

बारा आठवड्यांचा हा वनवास अनेक जोडप्यांना जाचक वाटतो, आणि डॉक्टरांनाही तो टाळण्याचा मोह होतो. तो टाळू नये, याचे कारण साधे आहे. एखादा ताप, विषाणूचा संसर्ग किंवा काही औषधे यांमुळेही ही प्रतिपिंडे काही आठवडे रक्तात दिसतात आणि मग नाहीशी होतात. शिवाय कोणताही त्रास नसलेल्या निरोगी माणसांतही काही टक्के जणांत ती थोड्या प्रमाणात सापडतात. एका ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्टवर एपीएसचा शिक्का मारला, तर तो शिक्का त्या स्त्रीच्या फाईलवर आयुष्यभर राहतो. याच्या उलट बाजूची चूकही घडते. हेपॅरिन किंवा वॉरफरिन (गुठळी रोखणारी गोळी) सुरू असताना ल्यूपस अँटिकोॲग्युलंटची चाचणी केली तर तिचा अर्थ लावणे कठीण होऊन बसते, म्हणून रक्त औषध सुरू करण्यापूर्वी द्यावे लागते. रक्त सायट्रेट असलेल्या नळीत घेऊन ते यंत्रात दोनदा वेगाने फिरवावे लागते, जेणेकरून त्यात प्लेटलेट उरणार नाहीत; उरल्या तर त्यांच्याच फॉस्फोलिपिडाने प्रतिपिंडे झाकली जातात आणि चाचणी खोटेपणाने ‘निगेटिव्ह’ येते. कोपऱ्यावरच्या संकलन केंद्रात दिलेला नमुना दूरच्या प्रयोगशाळेत कसा आणि किती वेळाने पोहोचतो, हा प्रश्न त्यामुळे निरर्थक नाही. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था या प्रकारच्या विकारांवर अनेक वर्षे काम करते. रक्त गोठण्याच्या चाचण्या नित्य करणाऱ्या अशा ठिकाणी शंकास्पद रिपोर्टची फेरतपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

प्रतिपिंडे आहेत हे ठरले. पण त्यांनी गर्भ पडतो कसा? जुने उत्तर असे होते की वारेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, रक्तपुरवठा तुटतो आणि गर्भ दगावतो. उशिरा दगावलेल्या गर्भांच्या वारेत अशा गुठळ्या आणि मृत ऊतींचे डाग दिसतातही. मात्र सहाव्या-आठव्या आठवड्यात पडलेल्या गर्भाच्या बाबतीत हे उत्तर अपुरे पडते, कारण त्या वेळी आईचे रक्त वारेच्या पोकळीत मोकळेपणाने वाहायला अजून लागलेलेच नसते, आणि तपासलेल्या ऊतींत गुठळ्या अनेकदा सापडत नाहीत. प्रतिपिंडे वारेच्या पेशींवर बसून त्यांची वाढ रोखतात, गर्भाशयाच्या भिंतीत खोलवर रुजण्याची त्यांची ताकद कमी करतात, आणि ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनांची दाहक साखळी पेटवतात, असे पुढच्या संशोधनातून दिसले. २००४ मध्ये गिरार्डी, सॅल्मन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. गाभण उंदरिणींना मानवी प्रतिपिंडे टोचली की त्यांचे गर्भ दगावत. हेपॅरिन दिले तर गर्भ वाचत; पण रक्त गोठण्याला तितकाच आळा घालणारी दुसरी दोन औषधे, हिरुडिन आणि फोंडापॅरिनक्स, दिली तर वाचत नसत. फरक एवढाच होता की हेपॅरिन कॉम्प्लिमेंटची साखळीही रोखत होते. म्हणजे हेपॅरिन येथे कामास येते ते बहुधा केवळ गुठळी रोखणारे औषध म्हणून नव्हे, तर दाह शमवणारे आणि वारेच्या पेशींना प्रतिपिंडांपासून आडोसा देणारे औषध म्हणूनही. प्रयोग उंदरांवरचा आहे आणि माणसांत ही गोष्ट तितक्या स्वच्छपणे दाखवता आलेली नाही, पण ‘रक्त घट्ट, म्हणून रक्त पातळ करा’ या सोप्या गणिताला त्याने चांगलाच छेद दिला.

हेपॅरिनचा शोधही असाच उलट्या दिशेने लागला. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत असताना त्याला कुत्र्याच्या यकृतातून गोठण्याला अडवणारा पदार्थ मिळाला. यकृतासाठीच्या ग्रीक शब्दावरून पुढे त्याचे नाव पडले. आज बाजारात मिळणारे हेपॅरिन मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात, आणि एनॉक्झापॅरिन किंवा डाल्टेपॅरिन ही त्याचीच लहान तुकडे केलेली रूपे आहेत. ज्यांच्या धर्माचरणात किंवा आहारनियमांत हे बसत नाही, त्यांना डॉक्टरांनी ही गोष्ट आधी सांगायला हवी. बहुतेक वेळा ती कुणी सांगत नाही.

गरोदरपणात हेपॅरिनच का, याचे मुख्य कारण त्याचा आकार आणि त्यावरचा ऋण विद्युतभार. त्यामुळे ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. वॉरफरिन जाते, आणि साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान दिले गेले तर बाळाच्या नाकाच्या व हाडांच्या घडणीत दोष निर्माण करू शकते. म्हणून पूर्वी गुठळी झाल्यामुळे जी स्त्री वॉरफरिन घेत असेल, तिने दिवस राहण्याचा विचार मनात येताच डॉक्टरांशी बोलावे, पाळी चुकण्याची वाट पाहू नये. रिव्हरोक्झाबॅन यांसारख्या नव्या गोळ्या गरोदरपणात वर्ज्यच आहेत. गरोदर नसतानाही, तिन्ही चाचण्या ‘पॉझिटिव्ह’ असलेल्या एपीएस रुग्णांत रिव्हरोक्झाबॅन वॉरफरिनपेक्षा निकृष्ट ठरले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली ती चाचणी अधिक गुठळ्या झाल्यामुळे मुदतीपूर्वी थांबवावी लागली होती.

स्टेरॉइडचाही एक काळ होता. आजार स्वप्रतिकारक आहे तर प्रतिकारशक्ती दाबावी, या विचाराने १९८०च्या दशकात प्रेडनिसोनच्या मोठ्या मात्रा दिल्या गेल्या. १९९७ मध्ये लॅस्किन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रेडनिसोन आणि ॲस्पिरिन घेणाऱ्या स्त्रियांची बाळे अधिक प्रमाणात वाचली नाहीत. वेळेआधी जन्म, मधुमेह आणि उच्च रक्तदाब मात्र वाढले. तेव्हापासून निव्वळ गर्भ टिकवण्यासाठी स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा देण्याचा मार्ग मागे पडला.

हेपॅरिन आणि ॲस्पिरिन यांच्या जोडीला आधार मिळाला तो मुख्यतः दोन छोट्या अभ्यासांतून. अमेरिकेत कुट्टे यांनी १९९६ मध्ये ५० स्त्रियांवरचे निष्कर्ष मांडले: केवळ ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ४४ टक्के जणींना जिवंत बाळ झाले, जोडी घेणाऱ्यांत ८० टक्के जणींना. पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील राय, रेगन आणि सहकाऱ्यांनी ९० स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध केली. तेथे हे आकडे ४२ आणि ७१ टक्के होते. ४५ जणींत १९ बाळे आणि ४५ जणींत ३२ बाळे, असे मांडले म्हणजे फरक अधिक नीट जाणवतो. याच गटाने त्याआधी कोणतेही उपचार न घेतलेल्या, वारंवार गर्भपात झालेल्या आणि ही प्रतिपिंडे असलेल्या २० स्त्रियांचा मागोवा घेतला होता, आणि त्यांच्यात केवळ १० टक्के जणींची गर्भधारणा पूर्णत्वाला गेली होती.

एवढ्यावर थांबलो तर चित्र फारच गोड दिसेल. २००२ मध्ये फार्कुहारसन यांच्या ९८ स्त्रियांवरच्या अभ्यासात निव्वळ ॲस्पिरिनने ७२ टक्के आणि जोडीने ७८ टक्के यश मिळाले, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. २००९ मध्ये लॅस्किन यांच्या अभ्यासातही दोन्ही गट साधारण ७८-७९ टक्क्यांवर राहिले, मात्र त्यात प्रतिपिंडे नसलेल्या इतर स्त्रियाही होत्या. फार्कुहारसन यांच्या अभ्यासात सौम्य प्रमाणात प्रतिपिंडे असलेल्या स्त्रिया होत्या, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणींचे गर्भ ॲस्पिरिनवरही टिकले असावेत, असा एक अर्थ लावला जातो. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने सर्व अभ्यास एकत्र पाहून असे म्हटले की जोडीमुळे जिवंत बाळ होण्याची शक्यता वाढू शकते, पण पुरावा कमी खात्रीचा आहे. माझ्या मते या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा: निदान पक्के असेल तर जोडी द्यावी, कारण आज हाताशी असलेला हाच सर्वांत चांगला उपाय आहे, पण तिला रामबाण म्हणू नये, आणि निदान डळमळीत असेल तर तिचा आग्रहही धरू नये.

ज्यांना ही प्रतिपिंडे नाहीत, त्यांच्याविषयीचा पुरावा मात्र डळमळीत नाही. कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपातांसाठी हेपॅरिन द्यावे का, हे नेदरलँडमधील संशोधकांनी ३६४ स्त्रियांवर तपासले आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेपॅरिन व ॲस्पिरिन, निव्वळ ॲस्पिरिन, आणि निव्वळ औषधाच्या नावाची निष्क्रिय गोळी अशा तिन्ही गटांत जिवंत बाळांचे प्रमाण सारखेच राहिले. किंबहुना निष्क्रिय गोळीच्या गटाचा आकडा, ५७ टक्के, किंचित वरच होता. आनुवंशिक कारणांनी ज्यांचे रक्त लवकर गोठते, त्यांचा तरी फायदा होत असेल, अशी आशा त्यानंतरही काही वर्षे टिकून होती. २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अलाइफ-२ या चाचणीत ३२६ स्त्रिया होत्या. हेपॅरिन घेणाऱ्यांत ७२ टक्के आणि न घेणाऱ्यांत ७१ टक्के जणींना बाळ झाले. या दोन्ही आकड्यांत आणखी एक दिलासा आहे, तो असा की वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना पुढच्या खेपेला इंजेक्शनांवाचूनही बाळ होते. त्या काळात जे औषध सुरू असेल त्याला श्रेय मिळते, मग ते हेपॅरिन असो, मंतरलेला नारळ असो किंवा बदललेला डॉक्टर असो.

म्हणून गर्भपातानंतर हातात येणाऱ्या लांबलचक चाचण्यांच्या यादीकडे जरा चिकित्सेने पाहावे. एमटीएचएफआर जनुकाची चाचणी वारंवार गर्भपाताच्या कारणशोधात उपयोगाची नाही. त्यातला बदल निरोगी लोकांतही सर्रास सापडतो. प्रोटीन एस हे गुठळीला आळा घालणारे प्रथिन गरोदरपणात आपोआपच कमी होते, त्यामुळे दिवस गेलेले असताना केलेल्या चाचणीत ते कमी आले म्हणून इंजेक्शने सुरू करणे हे चुकीच्या वेळी मोजून चुकीचा निष्कर्ष काढणे आहे.

एपीएसचे निदान पक्के झालेल्या स्त्रीचे उपचार सहसा असे चालतात. बाळासाठी प्रयत्न सुरू करतानाच ७५ ते १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनची रोजची गोळी सुरू होते. चाचणीत दिवस गेल्याचे दिसल्यावर, किंवा सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसल्यावर, हेपॅरिन सुरू होते. पूर्वी कधी गुठळी झालेली नसेल तर एनॉक्झापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज एकदा ही नेहमीची प्रतिबंधक मात्रा. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झालेली असेल तर वजनाच्या हिशेबाने याहून मोठी, उपचाराची मात्रा लागते. या दोन मात्रांची गल्लत होऊ नये, म्हणून जुनी कागदपत्रे प्रत्येक भेटीला सोबत न्यावीत. सहाव्या आठवड्यापासून अडतिसाव्यापर्यंत रोज एक, असा हिशेब केला तर सव्वादोनशेच्या आसपास इंजेक्शने होतात, आणि बाळंतपणानंतरची सहा आठवड्यांची धरली तर अडीचशेच्या वर. खर्च, पोटावरचे निळे-काळे डाग आणि रोजची धास्ती या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्या स्त्रीला गरज नाही तिला त्या सोसायला लावणे म्हणूनच किरकोळ बाब नव्हे.

इंजेक्शन बहुतेक जणी दोन-चार दिवसांत स्वतःच घ्यायला शिकतात. बेंबीपासून चार-पाच सेंटिमीटर दूर, रोज बाजू बदलून, कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत घालायची असते. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढून टाकायचा नसतो, कारण तो औषधाचा शेवटचा थेंब आत ढकलतो. सुई काढल्यावर ती जागा चोळायची नाही. चोळल्यानेच डाग वाढतात. पोटातल्या बाळाला सुई लागेल ही भीती जवळजवळ प्रत्येकीला वाटते, पण सुई कातडीखालच्या चरबीपुरतीच जाते. सुरुवातीला प्लेटलेटची मोजणी करतात, कारण क्वचित एखादीत हेपॅरिनमुळेच प्लेटलेट घटून उलट गुठळ्या होऊ शकतात. लहान रेणूंच्या हेपॅरिनमध्ये हे फारच विरळ आहे. दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनता काहीशी कमी होऊ शकते, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले जाते.

हेपॅरिन सुरू झाले म्हणजे काळजी संपली असेही नाही. उपचार घेऊनही दहांतल्या दोन-तीन गर्भधारणा बिघडतात, आणि टिकलेल्या गर्भधारणांत रक्तदाब वाढणे किंवा बाळाची वाढ खुंटणे हे धोके राहतात. म्हणून विसाव्या आठवड्यानंतर डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी) आणि वाढीची सोनोग्राफी ठरावीक अंतराने करतात, आणि रक्तदाब प्रत्येक भेटीला पाहतात. एकदा जोडी अपयशी ठरली तर पुढच्या खेपेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जोडण्याचा विचार अनेक तज्ज्ञ करतात. ल्यूपसच्या रुग्णांना ही गोळी गरोदरपणातही सुरूच ठेवायला सांगतात.

बाळंतपणाची तारीख जवळ आली की एक बाब आधी ठरवून ठेवावी लागते. प्रतिबंधक मात्रेच्या शेवटच्या इंजेक्शननंतर किमान १२ तास आणि मोठ्या मात्रेनंतर किमान २४ तास गेल्याशिवाय कण्यातून भूल देता येत नाही, कारण तेथे रक्तस्राव झाला तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. कळा सुरू झाल्या असे वाटले तर त्या दिवशीचे इंजेक्शन न घेता आधी रुग्णालयात फोन करावा, आणि शेवटचे इंजेक्शन किती वाजता घेतले ते एखाद्या कागदावर लिहून ठेवावे. घाईगर्दीत नवऱ्याला किंवा आईला ते आठवत नाही.

बाळ हातात आल्यावर इंजेक्शने थांबवावीशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र गुठळी होण्याचा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गरोदरपणाहूनही अधिक असतो, त्यामुळे सहसा सहा आठवडे ती सुरू ठेवतात. हेपॅरिन आणि वॉरफरिन या दोन्हींवर अंगावर पाजता येते. पुढे पाळणा लांबवण्यासाठी काय वापरायचे हे विचारताना एपीएसचा उल्लेख आवर्जून करावा, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या या स्त्रियांनी घेऊ नयेत; त्यांनी गुठळीचा धोका वाढतो. तांबी किंवा केवळ प्रोजेस्टेरॉन प्रकारचे संप्रेरक असलेले पर्याय त्यांच्यासाठी डॉक्टर सुचवू शकतात. पुढे कधी गुडघ्याची किंवा पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली, पायाला प्लास्टर घालून महिनाभर पडून राहण्याची वेळ आली, तर त्या वेळच्या डॉक्टरांनाही हे निदान कळले पाहिजे. वीस वर्षांपूर्वीच्या गर्भपातांचा पायातल्या गुठळीशी संबंध असू शकतो, हे त्यांना आपणहून सुचेलच असे नाही.